साम्य आणि फरक

"तुलनात्मक निबंधात आधी साम्य लिहायचं, मग फरक," असं सांगून सुप्रियाबाईंनी फळ्यावर विषय लिहिला, 'मांजर आणि बिबट्या'. खिडकीपाशी बसलेल्या हिराला त्यांनी उभं केलं.

"दोगंबी दबा धरून बसत्यात," हिरा दबक्या आवाजात म्हणाली. "शेपटीचं टोक तेवढं हलतं."

"शाब्बास! आणि फरक?"

हिराची नजर बाहेरच्या उसावरून हटेना. "बाई, मांजर शुक केलं की पळतं. ह्यो नाय पळायचा."

बाई खिडकीकडे धावल्या. उसाच्या कडेला तो जमिनीला चिकटून बसला होता. अलीकडे नळावर पहिलीतली हर्षाली, त्याच्याकडे पाठ करून, वाकून बाटली भरत होती. हाक मारायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या शेपटीचं टोक हललं.