दारातला खोकला

प्रतीक्षा लग्न होऊन बोईसरला काय आली, लगेच दिवस राहिले, आणि तिचा जीवच टांगणीला लागला! कारण सासरे, चंद्रभानबाबा, कंपनीतून आले की रोज दारातच खोकायचे. घरोघरी तपासणीला येणारी आशाताई सांगून गेलेली, दोन आठवड्यांच्या वर खोकला असला की थुंकी तपासायचीच. घरात टीबी निघाला तर पोटातल्या बाळाचं काय? "मला काय धाड भरलीय!" म्हणणाऱ्या बाबांना तिने रिक्षात कोंबून सरकारी दवाखान्यात नेलंच.

रिपोर्ट एकदम साफ! डॉक्टर मॅडमनी विचारलं, "बाबा, खोकला येतो तरी कधी?"

बाबा लाजून खाली बघत म्हणाले, "येत न्हाई ओ, मीच काढतो. घरात नवी सून, न खाकरता कसं आत शिरायचं?"

प्रतीक्षाला हसू आवरेना. "अहो बाबा, बिनधास्त येत जा की!"

दुसऱ्याच दिवशी बाबा आवाज न करता आत शिरले आणि थेट मागच्या दारापर्यंत गेले. तिथे सासूबाई, गोजराबाई, हातातलं काहीतरी पदराआड लपवत, बाबांमागून आलेल्या सुनेवर कडाडल्या,

 

"भवाने, बरा केलास ना खोकला! आता बिडी विझवायची कधी, ते मला कसं कळायचं?"