फॉन्टचा दोष

"माझ्या पुस्तकाचा काय चिवडा केलाय या फॉन्टनं!" हे लेकीवर डाफरले. आयुष्यभर मुद्रितशोधन केलेला माणूस. आमच्या लग्नपत्रिकेतली वेलांटीही ह्यांनी लाल शाईनं सुधारली होती.

लेकीनं नव्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप केली. जुन्या फॉन्टमधली पानं भराभर युनिकोडमध्ये आली. पहिली प्रकरणं लख्ख वाचता येऊ लागली. यंदा लिहिलेल्या शेवटच्या प्रकरणातही अक्षरं स्पष्ट झाली, पण शब्द लागेनात. 'मकल णरा वेसता.'

तिनं पुन्हा कमांड दिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आई, इथे फॉन्टचा दोष नाही गं. बाबांनी असंच टाइप केलंय."

ह्यांनी चष्मा पुसून त्याच ओळीवरून बोट फिरवलं.

"आता कसं स्वच्छ झालं!" हे समाधानानं म्हणाले. "छापायला हरकत नाही."