कपाटांच्या कड्या

दोन वर्षं मोटरहोममध्ये संसार थाटून, गावोगाव हिंडून आई-बाबा मुलाकडे कायमचे राहायला आले. "आता पुरे झाली भटकंती," असं त्याने बजावलंच होतं. दारात उभ्या गाडीला गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं; ते संध्याकाळी येणार होतं.

सकाळचा चहा झाला तशी आई सवयीने कामाला लागली. कप फडक्यात गुंडाळले. गॅस बंद केला. टेबलावरची फुलदाणी उचलून सिंकमध्ये ठेवली. मग कपाटांच्या कड्या चाचपायला गेली, तर कपाटांना कड्याच नव्हत्या! कडी लावायची राहिली की गाडीच्या पहिल्याच वळणावर सगळी भांडी अंगावर येतात, हे ती एकदाच, पण चांगलं शिकली होती.

सुनेची हसून मुरकुंडी वळली. मुलाने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अगं आई, निवांत बस. हे घर काही कुठे जात नाही."

आईचा हात कपाटावरच थांबला. पेपरात तोंड खुपसून बसलेल्या बाबांकडे ती वळली.

"ऐकलंत का? हे घर म्हणे कुठेच जात नाही. उठा, काढा गाडी!"