गाडीवरचा चौक

गाडीचे उजवे अंग भरत आणून गौराबाईने मधोमध वीतभर जागा कोरी ठेवली आणि ती मागे सरली.

गाडी म्हणजे युद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ॲम्ब्युलन्स. मुंबईच्या डॉक्टर विमलबाईंनी ती घेतली, आत पलंग, स्टोव्ह आणि पुस्तकांची फळी बसवली आणि सुटीत डोंगर हिंडण्यासाठी तिचे चाकांवरचे घर केले. लष्करी खाकी मात्र त्यांना डोळ्यांसमोर नको होती. शिळफाट्याचा रंगारी येसाजी कशेळ्याजवळच्या आंबराईत दोन दिवस मुक्काम टाकून होता. त्याने टपापासून चाकापर्यंत गेरूसारखा तांबडा रंग चढवला. त्यावर लग्नघराच्या भिंतीवर असते तसले पांढरे लेखन हवे, असे बाईंनी म्हणताच त्याने गौराबाईचे नाव सांगितले. दहा गावांत तिच्या हाताचा चौक, म्हणजे लग्नाच्या देवीचे ते भिंतीवरचे चित्र, वाखाणला जाई. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा तापाने गेला, आणि चौक थांबला.

शास्त्राचा काटेकोरपणा खरोखर थक्क करणारा आहे. विधवेने लावलेले भात चालते, तिने कांडलेला तांदूळ चालतो, त्याचे जात्यावर दळलेले पीठही चालते. त्या पिठाने तिने भिंतीवर ओढलेली रेघ तेवढी अशुभ. हा सूक्ष्म भेद ज्या विद्वानांनी शोधून काढला, त्यांनी जन्मात जात्याचा खुंटा धरला नसावा. त्याच पहाटे गौराबाईने धाकट्या दिराच्या घरी, पुतणीच्या लग्नाच्या चौकासाठी पीठ दळून दिले होते. त्यानंतर लग्नघराला तिची गरज उरली नव्हती, म्हणूनच ती येथे येऊ शकली.

"झालं का?" विमलबाईंनी विचारले.

"चौकात देवी बसवायची हाय. ती सवाशिणीच्या हातची लागते. तुमी ओढा बाई, मी सांगते कशी ती."

"मी कुठली सवाष्ण? यजमान जाऊन अठरा वर्षं झाली."

गौराबाईने त्यांच्या कपाळाकडे पाहिले. "मंग ह्ये कुंकू?"

"ते मी कळतं तेव्हापासून लावते. लग्नाआधी त्यांनी काही ते माझ्या माहेरी पाठवलं नव्हतं."

येसाजी ब्रश पुसता पुसता खाली मान घालून हसला.

"कुनी काय बोललं नाय तुमाला?"

"पुष्कळ बोलले. सगळं ऐकून घेतलं आणि दवाखान्यात गेले. रोगी खोळंबले होते."

गौराबाईने काडी सफेद्यात बुडवली आणि तशीच धरून ठेवली. "बाई, घाटात गाडीला काय झालं तर माझ्या माथी येल."

"घाटात काही झालं तर मी ब्रेक तपासीन, गौराबाई. तुमचं कपाळ नाही तपासणार."

मग काडी टेकली. तेलातला रंग जड होता, पिठासारखा धावत नव्हता. तरी देवी उतरली, तिच्या भोवती चांदसूर्य उतरले, घोडा उतरला, पायाशी फणी उतरली. अकरा वर्षांनंतरही एकही रेघ चुकली नाही, याचेच गौराबाईला नवल वाटले. तिने काडी खाली ठेवून बाईंना हात जोडले.

"अहो, कष्ट तुमचे. मला कसले हात जोडता?"

"भिंत दिलीत की मला," गौराबाई म्हणाली.

एवढ्यात बांधावरून तिची धाकटी जाऊ सुंदरा लगबगीने आली. नवरीची आई, मळवट भरलेला, मनगटापर्यंत हात पिठाने माखलेले.

"आक्का, दोनदा काढला नि दोनदा पुसला गं! देवी वाकडी हाय म्हनून लगीन लावनारी धवलारीण गाणं धरंना. मांडवात समदी ताटकळल्यात. सकाळी तुला न्यायला आला तवा येसाजी म्हनला, तू गाडीवर काढनार हायेस. सरक जरा, बघू दे."

आणि ती गाडीसमोर उकिडवी बसून, समोरची एकेक रेघ बोटाने धुळीत गिरवू लागली.

विमलबाई पाहत राहिल्या. "अहो, जिला हे येतं ती तुमच्या शेजारी उभी आहे. तिलाच घेऊन जा ना."

सुंदराने निर्मळ चेहऱ्याने वर पाहिले. "असं कसं बाई? घरात लगीन हाय."

तिच्या स्वरात तिळमात्र दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर उत्तर देता आले असते. विमलबाईंचा चेहरा उतरला आणि मग घट्ट झाला. त्यांनी गाडीचे दार उघडले.

"येसाजी, चाकाखालचे दगड काढ. गौराबाई, बसा आत. जो हात घरात चालत नाही, त्याची नक्कल घरात न्यायची नाही!"

इंजिन धडधडले. सुंदरा दचकून धुळीतल्या देवीवर दोन्ही हात आडवे धरून बसली. पुढच्या क्षणी गौराबाई धावत बाईंच्या खिडकीशी गेली.

"बंद करा बाई, तुमच्या पाया पडते."

"तुम्हाला राग येत नाही?"

गौराबाईने मागे वळून पाहिले. धुळीत देवी उभी राहिली होती, घोडा उभा राहिला होता. घोड्याची मान तिच्याच घोड्यासारखी, किंचित खाली. अजून थोड्या वेळाने ती सगळी त्या घराच्या भिंतीवर जाणार होती. गौराबाईचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

"जरा दम धरा," ती म्हणाली. "गाडी हलवू नका. तिची फणी राहिलीय अजून."