हिरवी काच

दाजींनी दार उघडलं आणि यतीननं पहिला ठोसा उंबऱ्यातच हाणला.

दिनकर दाजी मागे कोलमडले. चपलांचं कपाट आडवं झालं, त्यावर ठेवलेल्या सायकलच्या किल्ल्या फरशीवर विखुरल्या. नाकातून रक्त आलं, पण त्यांनी हात वर केला नाही. एवढंच म्हणाले, "दार लाव. शेजारी बघतील."

त्या शांतपणानं यतीनचं डोकं आणखी फिरलं. द हेगजवळच्या फोरबर्गहून आइंडहोवनला येईपर्यंत तो गाडीत एकटाच शिव्या देत आला होता. निघताना त्याची बायको शलाका दारात आडवी उभी राहिली होती. त्या माणसाची बायको जाऊन दीड महिनाही झाला नाही, आधी नीट विचार तरी, म्हणाली होती. पण ती बायको म्हणजे यतीनची सख्खी ताई. मेंदूत रक्तस्राव होऊन संध्याताई चाळिशीतच गेली. आता विचारायचं काय राहिलं होतं?

त्यानं दार लावलं, दाजींची कॉलर धरली आणि त्यांना दिवाणखान्यात ओढत नेलं.

"काल ग्रोनिंगनला गेलो होतो," तो म्हणाला. "मास्क न लावलेलं पोर पाहिलं मी."

दाजींनी डोळे मिटले. यतीननं त्यांच्या पोटात गुडघा घातला.

दाजींचं एकुलतं एक लेकरू ग्रोनिंगनला शिकत होतं. पाळण्यातलं नाव ईशानी. जानेवारीत घरी येऊन त्यानं आईबापांना समोर बसवून सांगितलं होतं, की मी मुलगी नाही आणि मुलगाही नाही, इथून पुढे मला किरण म्हणा. यतीनला हे फोनवर कळलं. त्याच्या डोक्यात त्यातलं फारसं शिरलं नव्हतं. पोर आपलं आहे, एवढं शिरलं होतं. पण किरण त्या दिवसापासून घरी आलंच नाही. आईला शेवटचा निरोप द्यायला तेवढं आलं, तेही तोंडावर मास्क लावून. सर्दी आहे म्हणालं, आणि मागच्या मागे निघून गेलं.

काल खोलीवर मास्क नव्हता. डोळ्याखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत टाक्यांचा लाल व्रण होता. मोबाइलच्या पारदर्शक कव्हरमध्ये नखाएवढा हिरव्या काचेचा तुकडा होता, त्यावर एक सोनेरी ठिपका. डॉक्टरनं गालातून चिमट्यानं काढलेला.

कुठली काच, म्हणून यतीननं विचारलं होतं.

"घरातली."

"कुणी मारलं?"

"लीव्ह इट, मामा. आणि बाबाला काही बोलू नकोस. प्लीज."

पोर अजून घाबरतंय, हे यतीननं तेव्हाच ओळखलं. दाजींची बिअरही त्याला ठाऊक होती. दर शुक्रवारी तीच हिरवी बाटली.

"बाटली फोडलीस पोराच्या तोंडावर?" तो आता ओरडत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो दाजींना अरेतुरे करत होता. "तोंडावर?"

यतीननं पुन्हा मारलं. त्याच्या बोटांची सालं निघाली. दाजींचा ओठ फाटला, एक दात हलला, तो त्यांनी जिभेनं चाचपून पाहिला. भिंतीवर हार घातलेल्या फोटोतून ताई बघत होती. लहानपणी गल्लीतल्या एका पोरानं यतीनला दगड मारला, तेव्हा ताईनं कपडे धुवायच्या धोपाटण्यानं त्याला असं बडवलं होतं, की त्याची आई सोडवायला धावली. ताईचा हात तसाच होता. आज ती असती तर तिनंच या माणसाला फोडला असता.

"माझ्या ताईचा जीव तुझ्यापायी गेला," तो म्हणाला. "जानेवारीपासून झुरत होती. मी फोन केला की नुसती रडायची."

"हो," दाजी म्हणाले. "रडायची."

"आणि तू कसला नवरा? ती सवाष्ण गेली, शलाकानं हिरवा चुडा मागितला, तर घरात बांगड्या नाहीत म्हणालास. बायकोच्या बांगड्या कुठे असतात, तेही ठाऊक नाही. शेवटी द हेगच्या दुकानातून आणल्या आम्ही."

दाजींनी बाहीनं तोंड पुसलं.

यतीननं मग ठरवून आलेलं सगळं सांगितलं. सुट्टीत किरण मामाकडे राहील. दाजींनी ग्रोनिंगनला पाऊल ठेवायचं नाही. भेटायचं नाही, फोनही नाही. ऐकलं नाही तर तो पोलिसांत जाणार.

"फोन तेवढा करू दे," दाजी म्हणाले. "माझं दुसरं कोण आहे आता?"

"नाही."

त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग मान हलवली. "बरं. तसं."

इतक्या सहज कबूल झालेल्या माणसाची यतीनला किळस आली. त्यानं फोटो खिळ्यावरून उतरवला. ताईचं जे काही असेल ते किरणला देतो, इथे काही ठेवणार नाही, म्हणाला आणि जिन्याकडे वळला.

तेव्हा दाजी उठले. फुटल्या तोंडानं धावत येऊन जिन्यावर आडवे झाले.

"माझं काय वाटेल ते कर. तिच्या कपाटाला हात लावू नकोस, यतीन."

"सोनं आहे का आत?"

"पाया पडतो तुझ्या."

यतीननं त्यांना दंडाला धरून खेचलं. दाजींनी त्या दिवशी पहिल्यांदा हात उचलला आणि त्याला ढकललं. मग यतीननं काही राखून ठेवलं नाही. दाजींचं डोकं कठड्यावर आपटलं आणि ते पायरीवर बसले ते बसलेच. तो त्यांना ओलांडून वर गेला.

कपाटात ताईच्या साड्यांच्या घड्या तशाच होत्या. सर्वांत खालच्या कप्प्यात, मागे, दाजींच्या रुमालाची गाठ होती. हाताला कडक लागली. वाळून काळं पडलेलं रक्त होतं त्यावर.

त्यानं गाठ सोडली. आत ताईचा चुडा होता. हिरव्या काचेचा, सोनेरी ठिपक्यांचा, आणि त्यातल्या एका बांगडीला नखाएवढा तुकडा नव्हता.