बर्फाच्या वर 'तू'

जिथे बर्फ असायला हवा होता, तिथे नुसती खडी पडली होती.

निवृत्त स्टेशनमास्तर कोबाल काठीवर रेलून घळीकडे पाहत राहिले. दर वर्षी इथे ऑगस्टपर्यंत बर्फ टिकायचा. यंदा हिवाळा कोरडा गेला, वसंतातही आभाळाने हात आखडता घेतला, आणि आता जूनमध्ये इथे एखादी बकरी बसेल एवढीसुद्धा पांढरी जागा उरली नव्हती.

"काय हरवलं, मास्तर?" मागून पावलाबाई आल्या.

"बर्फ."

"बर्फ म्हणजे काय तुमची आठ-वीसची गाडी आहे, वेळेवर फलाटाला लागायला?"

मास्तर हसले, पण त्यांची पंचाईत वेगळीच होती. गावाची जुनी रीत अशी की डोंगर चढताना या बर्फावर पाय पडला की 'तुम्ही' खाली ठेवायचं. वर सगळे एकमेकांना 'तू', मग तो न्यायाधीश असो की गवळी. उतरताना बर्फ ओलांडला की पुन्हा आपलं 'तुम्ही'. आणि पावलाबाईंना मास्तर दोन वर्षं 'तुम्ही' म्हणत होते. चर्चच्या गाण्याच्या तालमीत त्या पहिल्या रांगेत असायच्या, हे बरोबर त्यांच्या मागे. घरी दोघंही एकटेच. त्यांना एकदा 'तू' म्हणून बघावं, एवढ्याचसाठी मास्तर दुखरे गुडघे घेऊन आज त्यांच्याबरोबर डोंगर चढत होते. पण चाळीस वर्षं स्टेशन सांभाळलेला माणूस. सिग्नल पडल्याशिवाय त्यांनी कधी गाडी सोडली नव्हती.

"वर असेल थोडा. कड्याच्या सावलीत," ते म्हणाले आणि तरातरा निघाले.

कड्याच्या सावलीत बर्फ नव्हता. त्याच्या वरच्या खाचेतही नव्हता. मास्तर प्रत्येक आडोशाला वाट सोडून डोकावून येत होते. ऊन चढलं. त्यांची छोटी बाटली केव्हाच संपली होती, पण काळजी नव्हती, पुढे झरा होता. झऱ्याशी पोचले तर लाकडी पन्हळीत वाळलेलं शेवाळ आणि एक सरडा.

"हा कधी आटत नाही," मास्तर पुटपुटले, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"अरे वेड्या, बस खाली!" पावलाबाई ओरडल्या. "बर्फच नाही तर झरा काय आभाळातून येणार? एवढीशी बाटली घेऊन कुणी निघतं का डोंगरावर? टोपी घाल. हे पी. घटाघटा नको, एकेक घोट घे!"

मास्तर एकेक घोट प्यायले. बाईंनी त्यांची नाडी धरली होती. आयुष्यभर औषधांच्या दुकानात उभ्या राहिलेल्या बाईंचा सराईत हात तो. हळूहळू मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग आला. जरा जास्तच आला.

"पुन्हा म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"ते. वेड्या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांना सगळं उमगलं, आणि त्या इतक्या हसल्या की सरडा पळून गेला. "म्हणजे मघापासून दगडादगडामागे तू हे शोधत होतास?"

वरच्या विश्रांतिघरावर खडूने लिहिलेली पाटी होती: सूप नाही, चहा नाही, हात धुणं नाही, बिअर आहे. टाकीत बर्फाचं पाणी उतरलंच नव्हतं. मालकीण म्हणाली, असंच राहिलं तर जुलैत कुलूप लावावं लागेल. बाईंनी मास्तरांना अर्धाच ग्लास घेऊ दिला, "औषध म्हणून." दोघांनी पाव आणि सॉसेज खाल्लं. मास्तर कारण असो-नसो बोलत होते: तू मोहरी घे, तू ते शिखर बघ, तू इकडे सावलीत बस. फार सुखाचा दिवस होता तो.

चारच्या सुमाराला ते पुन्हा घळीतल्या खडीपाशी उतरले. मास्तरांची चाल मंदावली. रीत म्हणजे रीत. त्यांनी टोपी काढली, घसा साफ केला.

"पावलाबाई," ते म्हणाले, "आता इथून खाली आपण..."

"इथून का?"

"हद्द आहे ना ही."

"कुठाय? दाखव."

मास्तरांनी खडीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यांना न विचारता उतरू लागले.

गावाच्या चौकात, लिंडनच्या झाडाखालच्या बाकावर तालमीतल्या तिघी जणी बसल्या होत्या. दोघं समोरून गेले. वळणावर निरोप घेताना बाईंनी मास्तरांना हात केला.

"उद्या सातला तालीम आहे, सिरिल! वेळेवर ये!"

"तू येताना माझी गाण्याची वही आण!" मास्तर अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असे ओरडले.

मग तिघींतली थोरली म्हणाली, "काय गं पावला, उतरताना बर्फ नाही लागला का?"

"नाही ना!" पावलाबाई म्हणाल्या. "अजून नाही लागला!"