अडकलेलं बिट

सुतार सकाळपासून लाकूड कोरायच्या राउटर मशीनमध्ये अडकलेल्या पात्याशी, म्हणजे बिटाशी, झटत होता. दोन्ही पाने लावून झाले, तेल सोडून झालं, हलके ठोके देऊन झाले, पण ते आवळून धरणारा नट तसूभर हलेना आणि बिट काही निघेना. छातीचे टाके निघून जेमतेम आठवडा झालेला. तो घामाने निथळून स्टुलावर टेकला.

"कुठल्या गाढवानं एवढा आवळलाय कोण जाणे!"

बायकोनं पाण्याचा पेला पुढे केला. तिच्या दोन्ही तळहातांवर ताजे फोड उठले होते. त्यानं फोडांकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पडलेल्या लांब पाईपकडे.

"पान्याला पाईप लावून... तू आवळलास?"

"मग काय करू? दोन महिने मशीनला हात लावू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. माझं तर तुम्ही ऐकत नाही. म्हटलं, मशीनचं तरी ऐकाल."